रिकाम्या ओळीचा पंचनामा

टेकचंदभाऊ कागद उलटा धरून वाचतात. डोकं खाली, पाय वर. कागदाचं सांगते आहे, भाऊंचं नाही. भाऊंचं डोकं नेमकं कुठं असतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मुर्रीत, गोंदियाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, आधारकार्ड, लॅमिनेशन, ऑनलाईन अर्ज, सगळं होतं. दिवसभर लोक येतात, डोकं खातात आणि जातात. पण पहिल्या दिवशी टेकचंदभाऊंनी जितकं खाल्लं तितकं कुणी खाल्लं नसेल. पेन ड्राइव्ह दिला, एका पानाची प्रिंट मागितली. मी काढून हातात दिली. त्यांनी पान उलटं केलं, हात लांब केला, एक डोळा मिटला आणि पुटपुटायला लागले.

मला वाटलं, बिचाऱ्याला वाचता येत नाही आणि बाईमाणसासमोर लाज वाटते आहे. मी हळूच त्यांच्या हातातला कागद सुलटा केला. त्यांनी परत उलटा केला. मी परत सुलटा केला. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी, आणि आम्ही दोघं कागद फिरवतो आहोत.

"राहू द्या न जी वहिनी," ते म्हणाले. "सुलटा धरला का अक्षरं दिसते."

"मंग? अक्षरंच पाहा लागते न कागदात?"

"अक्षरायचं मले काय करा लागते? मले धुरे पाहायचे आहेत."

आता धुरा काय असतो हे मला कुणी शिकवायला नको. माझं माहेर धानाचंच. धान लावायच्या एकेका चौकोनी तुकड्याला आम्ही बांधी म्हणतो, आणि दोन बांध्यांच्या मधे मातीचा जो बांध असतो तो धुरा. धुरा शाबूत असला की ज्याचं पाणी त्याच्या बांधीत राहतं. फुटला की वरच्याचं पाणी खालच्याच्या बांधीत, आणि मग दोन्ही घरच्या बाया धुऱ्यावर उभ्या राहून एकमेकींचा उद्धार करतात. हे सगळं मला ठाऊक आहे. पण झेरॉक्सच्या कागदावर धुरा कुठून आला? मी विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि तिथून माझ्या गोंधळाला जी सुरुवात झाली ती अजून संपली नाही.

जेवढं मला समजलं तेवढं सांगते. चुकलं तर माझ्याकडे बोट दाखवू नका. कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणारे लोक ज्या सॉफ्टवेअरात लिहितात त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. असा एक फुकटचा एडिटर आहे. त्याला मालक नाही. जगभरचे लोक मिळून तो चालवतात. त्या एडिटरचं एक मॅन्युअल आहे, हे जाडजूड, इंग्रजीत. त्यात थोडा मजकूर असतो, मग प्रोग्रामचं एक उदाहरण असतं, मग परत मजकूर. टेकचंदभाऊ ते मॅन्युअल दुरुस्त करतात. मजकूर नाही हं. मजकुरातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, आणि हे ते छाती फुगवून सांगतात. ते दुरुस्त करतात मधली रिकामी जागा. उदाहरणाच्या वर एक ओळ मोकळी आहे का, खाली आहे का, उदाहरण डावीकडून सारखं आत सरकवलं आहे का, एवढंच.

आणि ह्याचा पगार? नाही. मग सत्कार, शाल, नारळ? तेही नाही. आता बोला!

पूर्वी ते गोंदियाच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीत मदतनीस होते. कॉम्प्युटर पुसायचे, वायरी लावायच्या, पोरं गेली की कुलूप घालायचं. तिथंच हा एडिटर त्यांनी पाहिला. एक दिवस मॅन्युअलचं एक पान बिघडलेलं दिसलं. उदाहरण कुठं संपतं त्याची खूणच कुणी तरी घालायची विसरलं होतं, म्हणून तिथून पुढचं सगळं पान उदाहरणाच्याच निळ्या रंगात गेलं होतं. "पाणी फुटलं होतं, वहिनी! आख्खं पान बुडून राहिलं होतं!" भाऊंनी पोरांच्या मदतीनं एक मेल लिहिला आणि पाठवून दिला. पलीकडून एका माणसाचं उत्तर आलं. दुरुस्ती केली, आभारी आहे, अशा आणखी सापडल्या तर जरूर कळवा.

"थँक्यू म्हटलं जी त्यानं मले," भाऊ सांगतात. "कॉलेजात जिंदगी गेली, कोणी म्हटलं नाही."

त्या माणसाचं नाव ओस्कर. कुठल्या तरी बर्फाच्या देशात राहतो. नोकरी संपली, भाऊंची बायको तर आधीच गेली होती, लेक नागपूरला आपल्या संसारात. भाऊ मुर्रीत माझ्या दुकानामागच्या गल्लीत खोली घेऊन राहायला लागले. एक जुना लॅपटॉप, तो दुपट्ट्यात गुंडाळलेला, आणि पलीकडे ओस्कर. सकाळी चहा झाला की ओस्करला मेल. जेवण झालं की ओस्करला मेल. मॅन्युअलची अर्धी पानं भाऊ बघायचे, अर्धी ओस्कर. भाऊंचं इंग्रजी म्हणजे "फिक्स्ड" आणि "थँक्स", पण तेवढ्यावर दोघांचं जे चालायचं ते पाहून मला माझ्या नवऱ्याचा राग यायचा. आमच्या ह्यांना पूर्ण मराठी येते, तरी राइस मिलमधून आले की तोंडातून चार शब्द निघत नाहीत.

हे वेड कागदापुरतं असतं तर ठीक होतं. पण माणूस लग्नाच्या पंगतीत बसला तरी पत्रावळीत भाताच्या आणि भाजीच्या मधे चार बोटं जागा सोडणार. वाढणाऱ्यानं वरण वाढलं आणि ते भाजीत घुसलं की ओरडणार, "अरे बापा, धुरा कुठी आहे? धुरा पाहून वाढा न!" वाढणारं पोट्टं घाबरून बादली घेऊन पळतं. मग भाऊ भाताचा धुरा परत बांधतात, बोटांनी थापतात, आणि तोवर जिलेबी पुढं निघून गेलेली असते.

माझ्या दुकानात कुणाची लग्नपत्रिका छापायला आली तर मी ती लपवते. एकदा मुर्रीतल्याच एका घरची पत्रिका त्यांच्या हाताला लागली. उलटी धरली आणि म्हणाले, "नवरदेवाचं पाणी नवरीच्या बापाच्या बांधीत जाऊन राहिलं." नवरीचा बाप तिथंच उभा होता. त्याला यातलं काय समजलं देव जाणे, पण पुढं किती तरी महिने तो माझ्या दुकानाच्या पायरीला पाय लावायला तयार नव्हता.

एकदा कुठल्याशा सरकारी पाहणीवाल्या मॅडम दुकानात आल्या आणि भाऊंना विचारायला लागल्या. "व्यवसाय?"

"दुरुस्ती."

"कशाची?"

"खाली जागेची."

मॅडमनं पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मॅडमनं "प्लॉट" असं काहीतरी लिहून घेतलं आणि निघून गेल्या.

गल्लीत मात्र त्यांचा भाव मोठा. परदेशातून मेल येतात म्हणजे माणूस नक्कीच मोठा इंजिनिअर असणार, असा सगळ्यांचा समज. इंजिनिअरिंगची एक पोरगी त्यांना विचारायला आली, काका, हे फंक्शन काय करते? भाऊ म्हणाले, "ते मले नाही मालूम, बेटा. बांधीत धान लावते का तूर लावते, ते ज्याची बांधी त्याले पूस. मी फक्त धुरे पाहतो." पोरगी माझ्याकडे आली. "आंटी, अंकल मजाक कर रहे हैं क्या?" मी म्हटलं, बाई, मी स्वतःच हे इतके दिवस शोधून राहिली.

मी खरंच शोधत होते. एकदा मुद्दाम लॅपटॉप उघडायला लावला. त्यांनी एक पान दाखवलं, सगळं निळं. मग एका ओळीच्या सुरुवातीला एक लहानशी खूण घातली आणि खटकन सगळं पान जाग्यावर आलं. उदाहरण तेवढं निळं, बाकीचं काळं. त्या एका क्षणी मला सगळं समजलं होतं, शप्पथ. मी म्हटलं, "हे पाहा, पाणी आटलं!" भाऊ इतके खूश झाले की त्यांनी मला चहा पाजला. चहा संपेपर्यंत मला परत काही समजेनासं झालं होतं. कारण मी विचारलं, "पण भाऊ, हे पान वाचणाऱ्या माणसाले तुमचा हा धुरा दिसते का?" ते म्हणाले, "नाही दिसत. दिसला तं समजा बिघडला." मग जे दिसतच नाही ते नीट करून काय करायचं? बाप्पा, बाप्पा!

तर असं सगळं चाललेलं असताना, यंदा उन्हाळ्यात एका सकाळी भाऊ दुकानात आले. डोळे लाल, दुपट्टा खांद्यावरून घसरलेला, लॅपटॉप छातीशी धरलेला.

"ओस्करनं धुरा कोरला," म्हणाले.

धुरा कोरणं म्हणजे आमच्याकडे फार वाईट गोष्ट. शेजारी आपल्या बाजूनं पावड्यानं धुरा थोडा थोडा तासतो, आपली बांधी वाढवतो. असं कुणाच्या बाबतीत बोललं की कुऱ्हाडीपर्यंत जातं. म्हणून मी आधी घाबरले, आणि मग आठवलं की ओस्कर बर्फात राहतो.

झालं असं होतं की ओस्करनं एका झटक्यात आख्ख्या मॅन्युअलमधल्या, उदाहरणांच्या वरच्या-खालच्या रिकाम्या ओळी उडवल्या होत्या. आता एडिटरच पडद्यावर आपोआप थोडी जागा सोडतो, मग दुहेरी जागा कशाला, असं काहीतरी त्याचं म्हणणं. भाऊंनी इतक्या वर्षांत एकेक करून घातलेल्या सगळ्या ओळी गेल्या. विचारलं नाही, सांगितलं नाही.

"मले पुसाले काय झालं होतं त्याले?" भाऊ परत परत म्हणत होते. "एक मेल टाकाचा न. रोज तं बोलते."

मी म्हटलं, "तर तुम्ही टाका मेल. झापा त्याले चांगलं."

"मेलनं नाही होत, वहिनी. धुऱ्याचं काम आहे. पंचनामा करा लागते."

मी हसले. भाऊ हसले नाहीत. आणि आता जे सांगते ते खरं आहे, माझी स्वतःची सही आहे त्यावर. भाऊंनी पाच पंच गोळा केले. एक मी. दुसरा शेजारचा चहावाला भैयालाल. तिसरी समोरची शिलाईवाली ताई, चौथा स्टेशनची सवारी सोडून परत निघालेला एक ऑटोवाला, आणि पाचवा एक म्हातारा, जो बिचारा रहिवासी दाखल्यासाठी आला होता. पाचही जणांना लॅपटॉपसमोर उभं केलं. भाऊंनी आधी जुनं पान दाखवलं, मग नवं.

"दिसून राहिलं का?"

भैयालाल बराच वेळ पडद्याला नाक लावून बघत होता. शेवटी मला हळूच म्हणाला, "भाभी, पहले भी खाली था, अब भी खाली है. खाली में से क्या चोरी हो गया?"

"चूप राह आणि सही कर," मी म्हटलं.

मजकूर मी टाईप केला, भाऊ सांगत होते. आम्ही खाली सह्या करणारे पंच लिहून देतो की, सदर मॅन्युअलच्या सदर पानावर उदाहरणाच्या वरच्या व खालच्या बाजूस पूर्वीपासून एकेक रिकामी ओळ होती. आज रोजी मौक्यावर पाहणी केली असता सदर ओळी दिसून येत नाहीत. चतुःसीमा पुढीलप्रमाणे: उत्तरेस मथळा, दक्षिणेस पुढचा परिच्छेद, पूर्वेस व पश्चिमेस समास. सदर ओळींवर टेकचंद यांची कायम वहिवाट आहे. हा पंचनामा आम्हांस वाचून दाखविला, तो बरोबर आहे.

सोबत इंग्रजीत पत्र पाहिजे म्हणाले, कडक. मला इंग्रजी येतं ते अर्जाचं. म्हणून "विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट" पासून सुरू केलं आणि "युवर्स ओबिडिअंटली" वर आणून सोडलं. मधे दोन ओळी भाऊंच्या. म्हाताऱ्यानं अंगठा लावला, बाकीच्यांनी सह्या केल्या, मी सगळं स्कॅन करून दिलं, आणि मुर्रीचा पंचनामा बर्फाच्या देशात गेला. दाखला राहून गेला हे म्हाताऱ्याला घरी गेल्यावर आठवलं असेल. दुसऱ्या दिवशी परत आला बिचारा.

पण गंमत संपली ती तिथंच. कारण उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. भाऊ दुकानाच्या बाकावर येऊन बसायचे, लॅपटॉप उघडायचे, बंद करायचे. मी चहा मागवला तर तो तसाच थंड व्हायचा. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची दयाही यायला लागली होती. ह्या माणसाशी दिवसातून दोनदा बोलणारं जगात एकच माणूस होतं, आणि त्याच्यावर ह्यांनी पाच पंच सोडले होते.

"एक ओळ तं होती, भाऊ," मी म्हटलं. "कायले एवढं ताणलं?"

"मले नाही मालूम, वहिनी," ते म्हणाले. "मले हेच येते."

मग उत्तर आलं. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. मोबाईलमधल्या भाषांतरवाल्या ॲपनं त्याचं मराठी करून दिलं, ते असं होतं:

"प्रिय टेकचंद. मी आपले कागदपत्र पाहिले. मला ते समजले नाही. परंतु पाच मनुष्ये येऊन सही करतात म्हणजे मी मोठी चूक केली आहे. मी आपणास विचारले नाही. उदाहरणाच्या वरची ओळ आपण ठेवा. खालची मी काढतो. अर्धे अर्धे. एका रिकाम्या ओळीसाठी मी आपणास हरवू इच्छित नाही. कृपया त्या पाच मनुष्यांनाही माझी क्षमा सांगा."

भाऊंनी मोबाईल हातात घेतला. उलटा धरला नाही. सुलटा धरून, बोट ठेवून, एकेक शब्द वाचला. परत वाचला. मग बाकावर बसले आणि दुपट्टा तोंडाला लावून रडायला लागले. मी म्हटलं, "अहो, तो माफी मागून राहिला न जी! काऊन रडता?"

"रेवारामनं बी असंच म्हटलं होतं," ते म्हणाले.

रेवाराम कोण, मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं हे नाव त्यांनी एकदाही काढलं नव्हतं.

रेवाराम त्यांचा धाकटा भाऊ. सालेकशाच्या बाजूला त्यांचं गाव. त्यांच्या पणजोबांनी गावची बोडी बांधलेली. बोडी म्हणजे पाणी साठवायचा लहान तलाव. गावात ह्या घराला बोडीची पाळ, म्हणजे तिचा बांध, आणि धुरे समजणारं घर म्हणून मान. वाटणीत दोघा भावांना शेजारच्या बांध्या आल्या, मधे एक धुरा. भाऊ गोंदियात कॉलेजात, रेवाराम शेतावर. एका उन्हाळ्यात भाऊ गावाला गेले तर धुरा रेवारामच्या बाजूनं खचलेला, बारीक झालेला. भाऊंनी म्हटलं, तू कोरला.

"तो म्हणे, दादा, मी नाही कोरला. खेकड्यानं पोखरला असन. चाल न, दोघं मिळून माती टाकू. अर्धी माह्या बांधीतली, अर्धी तुह्या. मी कायचा ऐकतो! मी कॉलेजातला माणूस, कागदपत्रं पाहिलेला. म्हटलं, पंचनामा करतो."

आणि केला. गावातले पाच पंच घेऊन सख्ख्या भावाच्या बांधीत उभे राहिले. सगळं गाव धुऱ्यावर जमलं. रेवाराम हातात पावडं धरून मान खाली घालून उभा होता. शेवटी भाऊंनी त्याच्यापुढं कागद धरला, सही कर म्हणून.

"त्यानं अंगठा देल्ला, वहिनी." भाऊंनी आपला अंगठा माझ्यापुढं धरला. "त्याले सही येते. मीच शिकवली होती त्याले, पाटीवर. सही येत असून त्यानं अंगठा देल्ला."

पुढच्या पावसाळ्यात तो धुरा फुटला. आत पाहिलं तर खेकड्यांची भोकंच भोकं. ते भाऊंना दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तेव्हापासून गावाला पाय लावला नाही. त्यांची बांधी पडीत.

मला इतकं वाईट वाटलं, की मी त्यांच्यावर ओरडले. माझं असंच आहे, वाईट वाटलं की मी ओरडते. "मंग जा न! इथं बसून समुद्रापल्याडचे धुरे बांधता, आणि सालेकशाले जायले तुम्हाला काय पासपोर्ट लागते?"

"काय तोंड घेऊन जाऊ?"

"हेच घेऊन जा. दुसरं कुठून आणाल?"

त्यांनी लॅपटॉप उघडला, ओस्करनं सांगितलं तसं एक पान केलं. वरची ओळ ठेवली, खालची स्वतःच्या हातानं काढली. "फिक्स्ड. थँक्स." म्हणून पाठवलं. मग मला म्हणाले, "एक प्रिंट काढा ह्याची." मी काढून दिली. त्यांनी ती उलटी धरून पाहिली, घडी न घालता पिशवीत ठेवली आणि लॅपटॉप दुपट्ट्यासकट माझ्या काउंटरवर ठेवला. "ओस्करचा मेल आला तं सांगा त्याले, मी धुऱ्यावर गेलो म्हणून."

सकाळच्या गाडीनं गेले, आणि गेले ते गेलेच. फोन लागेना. आमचे हे म्हणाले, येतील, लहान आहेत का? पण माझ्या जिवाला चैन नव्हतं. भावानं दारातूनच परत पाठवलं असेल तर? हा माणूस जाणार कुठं? वर लॅपटॉपवर ओस्करचे मेल यायला लागले. टेकचंद कुठे आहे? टेकचंद रागावला आहे का? मी माझ्या अर्जाच्या इंग्रजीत लिहिलं, "टेकचंदभाऊ हॅज गॉन टु हिज ब्रदर फॉर धुरा वर्क. काइंडली वेट." त्याला धुरा काय समजला असेल कुणास ठाऊक. पण लगेच उत्तर आलं. मी वाट पाहतो, म्हणाला.

आम्ही दोघंही वाट पाहत होतो. एक मुर्रीत, एक बर्फात. मला मधेच हसूही यायचं.

आणि मग एका दुपारी दुकानात एक माणूस आला. डोक्याला दुपट्टा बांधलेला, पोटऱ्यांवर वाळलेली माती, नखांत माती. हातात एक कागद, तोही मातीच्या बोटांनी डागाळलेला. आणि त्यानं तो कागद उलटा धरला होता.

"दादा, कागद उलटा आहे," मी म्हटलं, उगाच.

"हो जी. उलटाच पाहा लागते म्हणे. तवाच दिसते." त्यानं कागद काउंटरवर ठेवला. "याले प्लास्टिक मारून द्या. भावानं सांगितलं, मुर्रीच्या वहिनीकडंच कर."

"भाऊ कुठी आहेत तुमचे?"

"धुऱ्यावर. माती टाकून राहिला. जमत नाही त्याले आता, कंबर धरली त्याची. मी म्हटलं बैस, तं बसत नाही. माहीच माती मले काढू देत नाही, म्हणते आधी माह्या बांधीतली." त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडून तोंड पुसलं. "लगित बडबड करते. पहिले एवढा बोलत नव्हता."

"आणि ह्या कागदात काय आहे, ते समजलं का तुम्हाला?"

"नाही जी," रेवाराम म्हणाला. "त्याले बी नाही समजत म्हणे."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. मी कागद उचलला आणि सवयीनं सुलटा केला. इंग्रजी मजकूर, मग एक रिकामी ओळ, मग उदाहरण, पार टोकापर्यंत. पानाच्या अगदी वरच्या कोऱ्या समासात काहीतरी निळ्या पेननं खरडलेलं होतं, पण ते उलटं दिसत होतं, वाचता येईना. तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःहून कागद उलटा केला.

आता ते तळाशी आलं आणि वाचता आलं. दोन सह्या होत्या. एक टेकचंदभाऊंची, माझ्या ओळखीची. थोडी जागा सोडून दुसरी, मोठ्या मोठ्या अक्षरांत, पाटीवर गिरवावी तशी: रेवाराम.

मी रेवारामच्या हाताकडे पाहिलं. त्याच्या अंगठ्याला मातीच होती, शाई नव्हती.

मी लॅमिनेशनचं मशीन सुरू केलं. ते गरम व्हायला वेळ घेतं, तोवर त्याच्यासाठी भैयालालकडून चहा मागवला, आणि दुपट्ट्यातला लॅपटॉप काढून ओस्करला कळवायला बसले. इंग्रजीत काय लिहावं ते सुचेना. शेवटी भाऊंचेच दोन शब्द लिहिले, फिक्स्ड, थँक्स, आणि पाठवून दिले.